काकूंची गुरुवारची गोळी

पडदा वर जातो. स्वयंपाकघर. गॅस थंड, ओटा कोरडा. खिडकीशी खुर्चीत काकू ताठ बसल्या आहेत, हातात रिकामा पेला. भल्याभल्या नट्यांना जमणार नाही अशी स्तब्धता! आतून यजमानांची हाक येते, "अगं, चहा?" काकू ढिम्म.

गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरून त्यांचं मनगट मोडलं. गणवेशांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काज-बटणं केलेला हात तो! तपासणीत कळलं, पाळी गेल्यापासून हाडं ठिसूळ होत चालली होती. नणंदबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. "कांतीही तुकतुकीत होते हो, वहिनी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बासष्टाव्या वर्षी हार्मोन नकोत. हाडांसाठी आठवड्याला एक गोळी घ्या. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास खायचं नाही, आडवं व्हायचं नाही."

घरी येईपर्यंत काकूंनी त्यात "वाकायचं नाही" घातलं. पुढच्या महिन्यात "गॅसजवळ जायचं नाही". मग "बोलायचंही नाही". यजमान निवृत्त हेडक्लार्क. नियम म्हटला की मान तुकवायची, ही चाळीस वर्षांची सवय. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, तरी साहेबांनी हूं की चूं केलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच काकू स्वतःसाठी बसत होत्या. रस्ता बघत, नुसत्या.

मग फेरतपासणी आली.

"गोळीचा त्रास होतो का?" डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं.

उत्तर अर्थातच यजमानांनी दिलं. "फार! दोन तास बिचारी वाकत नाही की बोलत नाही."

"दोन तास?" बाईंचं पेन थांबलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पंख्याकडे.

बाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "सलाईनमधूनही औषध देता येतं. वर्षातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांत."

"वा! मग आजच देऊन टाका!" साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच.

काकूंनी मनात हिशेब केला. वर्षाचे बावन्न गुरुवार, एका बाटलीत जाणार!

"बोल की गं! आज काही गोळी घेतली नाहीयेस."

काकूंनी पदर सावरला, घसा साफ केला.

"मला गोळीच बरी, डॉक्टर. आणि कागदावर 'दोन तास' असं ठळक लिहा. यांना सगळं लेखी लागतं."