जुन्या आग्रा रोडवर आज वाजलेला हॉर्न

बायांनो, टाइप करायला नातीनं शिकवलंय, चुकलं तर समजून घ्या.

आमचं घर पंचवटीत, जुन्या आग्रा रोडला लागून. आता हायवे द्वारका चौकावरून जातो, पण पूर्वी मुंबई-आग्रा जाणारे सगळे ट्रक आमच्या दारावरून जायचे. फळीवरचे पितळी डबे दिवसभर थरथरायचे. आमचे हे पण ट्रकच चालवायचे. मालेगावकडून आले की लांबूनच हॉर्न द्यायचे, दोन लांब, एक तुटका. मग मी तवा ठेवायचा. ट्रक लावून वर येईपर्यंत भाकरी तयार. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

आज दुपारी तोच हॉर्न वाजला. डबेही थरथरले. माझा हात आपसूक तव्याकडं गेला. मग गॅलरीतून बघितलं तर खाली नुसत्या रिक्षा.

मागं एकदा असंच झालं, तेव्हा सातपूरचा मुलगा म्हणाला होता, "आई, परत असं काही ऐकू आलं तर घराला कुलूप लावून तुला घेऊन जाईन." म्हणून मी गप्पच बसणार होते.

तेवढ्यात शेजारची नवी सून आली, सटाण्याची. ह्यांना तिनं कधी पाहिलेलंही नाही. म्हणाली, "आजी, तुमच्याकडं ट्रक घेऊन कोण आलं? दोनदा लांब, एकदा तुटका, केवढा हॉर्न दिला. झोपच उडाली माझी."

खरं सांगू, भीती नाही वाटली, इतका आनंद झाला की तिच्या हातावर गुळाचा खडाच ठेवला.

भाकरी केली, ताट वाढून झाकून ठेवलंय. संध्याकाळी मुलगा येणार आहे. हे ताट कोणाचं विचारलं, तर काय सांगू त्याला?