सव्वादोनचा हात

“हात सैल सोड, पोरी. भ्यालेल्या हातात बांगडी जात न्हाय.” चाचींनी असं म्हणत माझा हात धरला तेव्हा खरं तर मी त्यांचा पाय धरायला गेले होते.

मी बारामतीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचा सांधा बदललेल्या पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचा, हे माझं काम. नाव भारदस्त आहे, पण दिवसभर लोकांचे पाय वाकवायचे आणि त्यांची बोलणी खायची, एवढाच त्याचा अर्थ. चाचींचं घर भिगवणला, म्हणजे दिवसातलं शेवटचं. उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटर रखडवत तिथवर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. त्यात या बाई पलंगावर बसून माझंच मनगट दाबून बघत होत्या.

“सव्वादोनचा हात हाय. मोकळा का ठिवलाय?”

“चाची, कामात बांगड्या चालत नाहीत.”

“मला चाळीस वरसं चालल्या की.”

चाची बांगड्या भरायच्या. डोक्यावर पेटी घेऊन भिगवणपासून वरकुट्यापर्यंतची गावं त्यांनी पायी पालथी घातली होती. हात बघून माप सांगायच्या. साबण लावून बांगडी चढवणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. “साबन लावून काय, कुनीबी भरंल.” त्यांची तऱ्हा वेगळी. तुम्हीही एखादी अशी बाई बघितली असेल. बोटं जुळवायची, अंगठ्याचं बूड हळूच दाबायचं आणि विचारायचं, “माहेर कुठलं तुझं?” समोरची सांगायला लागली की बांगडी मनगटावर.

ही युक्ती मी त्यांच्यावरच चालवली. वरकुट्यातलं काहीबाही विचारायचं आणि बोलता बोलता गुडघा वाकवायचा. चौथ्या दिवशी त्यांनी मला पकडलं. “माझीच इद्या माझ्यावर व्हय?”

डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच सांगितलं होतं की सांधा छान बसेल, पण हाडं ठिसूळ आहेत. सांधा धातूचा असला तरी त्याला धरून ठेवणारं हाड चाचींचंच. “म्हंजे चौकट सागवानी अन् भित मातीची,” चाची म्हणाल्या. त्या भिंतीसाठी आठवड्याला एक गोळी होती. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. विसरू नये म्हणून मी सांगितलं, बाजाराच्या दिवशी घेत जा.

त्यांना घाई एकाच गोष्टीची होती. वरकुट्यातल्या एका पोरीचं लग्न ठरलं होतं. तिच्या आजीला आणि आईला लग्नाचा हिरवा चुडा चाचींनीच भरला होता. “हिला भरला की पेटी सुनंच्या ताब्यात. तवर मला हुबी कर.”

मी उभं केलं. वॉकर सुटला, काठी आली, मग काठीही दाराशी पडून राहायला लागली. माझ्याकडे एक छापील कागद असतो. गुडघा किती वाकतो, सूज किती, पावलं किती, असे रकाने. चाचींचे सगळे झकास भरले. गोळीला रकाना नव्हता.

मध्ये रमजान आला. रोजात त्यांना दमवायला नको म्हणून मी व्यायाम निम्मा केला आणि स्वतःवरच खूश झाले. पेलाभर पाण्याचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

ईदनंतर चार महिन्यांनी चुडा होता. मी बजावलं होतं, खाली बसायचं नाही, खुर्ची मागून घ्या. “व्हय व्हय,” चाची म्हणाल्या. पुढचं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. यजमानांनी खुर्ची दिली होती. नवरी खाली पाटावर बसली. चाचींनी तिचा हात धरला आणि सोडला. “नवरीचा हात वरनं धरत न्हाईत. म्होरं बसून भरत्यात,” म्हणाल्या आणि खुर्चीवरून हळूच घसरून सतरंजीवर बसल्या. दोन्ही हात भरले. पोरगी पाया पडली. मग दोघींनी चाचींना बखोट्याला धरून उठवलं, तेव्हा नव्या सांध्याच्या वरचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत, नुसत्या उठताना.

दवाखान्यात मी विचारलं, “चाची, गोळी घेत होता ना?”

“रोजात पानी कुठलं? बाजूला ठिवल्या. अन् ईदला बगते तर गुडघा दुखतच न्हाय. दुखायचं थांबल्यावर गोळी कशाला?”

गोळ्यांची पाकिटं पेटीत, बांगड्यांच्या खाली नीट ठेवलेली निघाली. सहेरीच्या, म्हणजे रोजाच्या पहाटेच्या खाण्याच्या, आधी अर्धा तास उठून घेतली असती तरी चाललं असतं. आणि ही गोळी दुखण्याची नाही, हाडाची आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी डॉक्टरांजवळ हे बोलले. ते म्हणाले, गोळ्या घेऊनही मोडलं असतं कदाचित. ते खरं होतं की माझं तोंड बघून म्हणाले, कोण जाणे.

ऑपरेशन करून मोडल्या हाडाला धातूची पट्टी बसवली, पण चाची अंथरुणातून उठल्या नाहीत. मी पुन्हा भिगवणला जायला लागले, पुन्हा दिवसाच्या शेवटी. आता त्या वादही घालत नव्हत्या. मी पाय उचलायचा, त्या उचलू द्यायच्या. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “चाची, रागवा तरी माझ्यावर.”

“कशापायी? तू हुबी केलीस, म्या चुडा भरला. एक बी पिचली न्हाय.”

मला रडू आलं. त्यांनी सुनेकडून बांगडी मागून घेतली आणि माझा हात धरला. “दे हिकडं. सैल सोड.” पडल्या पडल्याच बोटं जुळवली. बोटांत जोर राहिला नव्हता. बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडकली.

“माहेर कुठलं तुझं?”

“कन्हेरी,” मी म्हटलं आणि घरामागच्या विहिरीचं वगैरे सांगत राहिले. बांगडी हलली नाही.

“दमलीस तू,” चाची म्हणाल्या. “हात लई कडक झालाय. पुडच्या खेपंला बगू.”

पुढची खेप झाली नाही. छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत चाची गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा सुनेनं कागदात गुंडाळलेलं डझन हातात दिलं. “सव्वादोनच्या हायत. साबन लावू नको म्हनल्यात.”

माझ्या कागदावर आता मी पेनानं एक रकाना वाढवते. गोळी चालू आहे का, आणि उपास, रोजे कधी. पेशंट वैतागतात. म्हणतात, बाई, तुमी गुडघ्याचं बगा.

बांगड्या घरी कपाटात आहेत. सुट्टीच्या दिवशी कधीतरी काढते. साबण लावत नाही. बोटं जुळवते, अंगठ्याचं बूड दाबते, स्वतःला माहेरचं विचारूनही बघितलं. तिथंच अडकतात. मग परत कागदात गुंडाळून ठेवते.