मारून पळायचं नाही

आमच्या मोठ्या जाऊबाईंचा उजवा अंगठा घरातल्या कुठल्याच वस्तूला गप्प बसू द्यायचा नाही. पिठाचा डबा, पोळपाट, कपाटाचं दार, जे हाताशी येईल त्यावर ठेका. सासूबाई म्हणायच्या, हिच्या अंगठ्यात भूत शिरलंय. जाऊबाई म्हणायच्या, राहू द्या, फुकटात राहते ना.

सत्त्याण्णव साली लग्न होऊन मी जाम गावी आले. पुढे चौकात मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, किराणा दुकान आणि मागे घर. मध्ये एकच भिंत. माझ्या आधी या घरात आलेल्या जाऊबाईंनी वर्ध्याच्या माहेराहून गिटार आणली होती. कॉलेजात असताना त्या ती शिकल्या होत्या. पहिल्याच महिन्यात कुणा गिऱ्हाइकानं मामाजींना विचारलं, शेठ, घरात ऑर्केस्ट्रा उघडला का? झालं! मामाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. तारांचा सूर दुकानात ऐकू येता कामा नये, असं त्यांनी बजावलं.

जाऊबाईंनी ते अक्षरशः पाळलं. सूर बंद केला आणि ठेका ठेवला. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, म्हणजे सूर उमटत नाही. उजव्या अंगठ्याची कड जाड तारांवर आपटली की 'खट्', तळहाताचा मागचा भाग लाकडावर आपटला की 'धम्'. भिंतीपलीकडून मामाजींना वाटायचं, सुना उखळात मसाला कुटताहेत. ते खूश होऊन गिऱ्हाइकांनाही तसं सांगायचे. आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसायचो.

मलाही त्यांनी शिकवायला घेतलं, पण मी जात्याच भित्री. अंगठा मारला की चटका बसल्यासारखे दोन्ही हात उचलायचे, आणि सुटलेल्या तारा घणघणायच्या. जाऊबाई माझा हात धरून परत तारांवर ठेवायच्या. "मारून पळाचं नाई," त्या म्हणायच्या. "मारलं का हात तिथंच ठेवाचा. तू पळाली का तार बोंबलते." अंगठ्याला फोड आला, फुटला, घट्टा पडला, पण पळायची खोड गेली नाही. ती काही अंगठ्यापुरती नव्हतीच. सासूबाईंना एक वाक्य उलट बोलायचे आणि लगेच घागर उचलून आडाकडे निघायचे. जाऊबाईंचा मला भारी हेवा वाटायचा.

मग एक दिवस गिऱ्हाइकं तो घरचा कुटलेला मसाला मागू लागली. मामाजी पक्के व्यापारी, नाही कशाला म्हणतील? कबूल करून बसले आणि मसाला न्यायला मागे आले. पाहतात तो उखळात मांजर झोपलेलं आणि आम्ही दोघी गिटारीला चिकटलेल्या. मी गिटार जाऊबाईंच्या मांडीवर टाकली आणि स्वयंपाकघरात पळाले.

मामाजी ओरडले नाहीत. हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याच्या पोराला गिटार हवी आहे, उद्या त्याच्याकडे जाईल, एवढंच म्हणाले. थोरले दीर मूग गिळून बसले. मला त्यांचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं असताना जाऊबाई गिटार घेऊन पुढे गेल्या. घरची सून तोवर कधी गिऱ्हाइकांसमोर आली नव्हती. त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि त्यांनी ठेका धरला. मी दाराआडून पाहत होते. शेवटचा अंगठा मारून, हात तारांवर तसाच ठेवून त्यांनी मामाजींकडे पाहिलं.

"सूर नाई आला पाह्यजे, तुमीच म्हनलं होतं मामाजी. आला का? मंग गिटार काऊन जाईन?"

मामाजी वाट पाहत होते, बोलून झालं, आता ही आत जाईल. ही कसली जाते! पोत्यावर बसून राहिली. शेवटी गूळ घ्यायला आलेली एक म्हातारी म्हणाली की शेठ, मसाला राहू द्या, माझा गूळ तेवढा तोला. मामाजींनी गूळ तोलला. गिटार कुठेही गेली नाही.

पुढे काही वर्षांनी थोरल्या दिरांनी वर्ध्याला वेगळं दुकान टाकलं. सामान टेम्पोत चढलं, तरी गिटार माझ्या खाटेवरच. मी रडत म्हटलं, बाई, ही न्या ना सोबत.

"तिथं मले कोन अडवते?" जाऊबाई म्हणाल्या. "हे इथंच लागते."

टेम्पो गेला आणि घर खायला उठलं. दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसले आणि ठेका धरला. मामाजी मधल्या दारात येऊन उभे राहिले. थोरलीबरोबर हेही गेलं, असंच त्यांना वाटलं असणार. स्वयंपाकघराचं दार दोन पावलांवर होतं.

मी अंगठा मारला. हात तिथंच ठेवला. मामाजी परत दुकानात गेले, आणि मी पुन्हा मारला.