कॉर्पोरल इद्रिस आणि कुशचे राजे

अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात आमच्या गस्ती तळावर आम्ही अठ्ठावीस जण होतो आणि एक कुत्री. मी मूळचा साताऱ्याचा. लेस्टरला शिकायला आलो आणि ब्रिटिश सैन्यात लान्स कॉर्पोरल झालो. कुत्री टेस, जर्मन शेफर्ड. जमिनीत पुरलेले बॉम्ब हुंगून शोधणं हे तिचं काम. तिचा हँडलर, म्हणजे तिला सांभाळून तिच्याकडून काम करून घेणारा, कॉर्पोरल इद्रिस कार्डिफचा, आईवडील सुदानचे.

पहाटे उठायचं, रायफल साफ करायची, गस्तीवर जायचं. परत आल्यावर इद्रिस आधी टेसला पाणी पाजायचा, तिचे पंजे तपासायचा, मग स्वतः प्यायचा. पंजे तपासताना तो आम्हाला त्याचे राजे सांगायचा. सुदानातल्या प्राचीन कुश राज्यातून निघून पाच राजे इजिप्तचे फेरो झाले. इजिप्तच्या इतिहासात ते पंचविसावं राजघराणं, परकीयांचं. शंभर वर्षांच्या आत असीरियन फौजांनी त्यांना परत दक्षिणेला घालवलं.

"पवार, तुमच्या राजांनी कुठवर मजल मारली?" त्याने एकदा विचारलं.

"अटकेपर्यंत. सिंधू नदीवर."

"म्हणजे अफगाणिस्तानात पोचलेच नाहीत."

"मी पोचलो ना. पगारावर."

तो पोट धरून हसला.

त्याचा आवडता राजा पियांखी. त्याने वेढा घालून एक शहर जिंकलं. हरलेल्या राजाने खजिना दाखवला, राण्या पुढे आणल्या. पियांखी तबेल्यात गेला. वेढ्यात घोडे उपाशी राहिले होते. शत्रूच्या बाकी सगळ्या गुन्ह्यांपेक्षा त्याच्या मनाला तेच जास्त लागलं.

"आणि हे त्याने दगडावर कोरून ठेवलंय," इद्रिस म्हणाला. "सार्जंटला सांग जरा. टेसचं रेशन अजून आलं नाही."

एका सकाळी आम्ही ओढ्याकाठच्या वाटेने निघालो. इद्रिस आणि टेस पुढे, मी वीस मीटर मागे. टेस थांबली आणि खाली बसली. म्हणजे बॉम्ब सापडला. इद्रिसने हात वर केला, आम्ही जागीच थांबलो. तिला घेऊन मागे सरकताना त्याचा पाय दुसऱ्या बॉम्बवर पडला.

धूळ बसली तेव्हा त्याचे दोन्ही पाय गेले होते. टेस त्याच्यावर आडवी उभी होती. डिटेक्टरने वाट तपासत मेडिक जवळ गेला. तिने मेडिकची बाही दातांत धरली आणि अंगाने त्याला मागे लोटलं. तो पुन्हा गेला. तिने पुन्हा लोटलं.

"पवार, शूट द डॉग," सार्जंट म्हणाला.

ऑर्डर बरोबर होती. रक्त वाहून चाललं होतं. मी रायफलची सेफ्टी काढली.

इद्रिस शुद्धीवर होता. "थांब," तो म्हणाला. "ती ड्यूटीवर आहे."

त्याने दोरी ओढून तिचं डोकं काखेत दाबून धरलं. "या आता." मेडिकने दोन्ही मांड्या आवळून बांधल्या. सार्जंट रेडिओवर हेलिकॉप्टर मागत होता. "फिफ्टीन मिनिट्स," पलीकडून उत्तर आलं.

हेलिकॉप्टर यायच्या आत इद्रिसची पकड सुटली. टेस काखेतून हलली नाही.

परतल्यावर मी कार्डिफला त्याच्या आईकडे गेलो. त्यांनी चहा दिला.

"शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, बाळा?"

"मेडिक. आणि टेस. मी वीस मीटरवर होतो, तिच्यावर रायफल रोखून." मग मी सगळं सांगितलं.

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "आता ती कुठे आहे?"

"नव्या हँडलरकडे."

"तिला नीट खायला घालतो ना तो?"

"हो."

"रिटायर झाली की माझ्याकडे पाठवा म्हणावं."

पाठवली. त्यानंतर प्रत्येक नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, आम्ही तिघं कार्डिफच्या स्मारकापाशी उभे राहायचो. दोन मिनिटांच्या शांततेत टेस आईंच्या पुढ्यात आडवी उभी राहायची. शांतता संपल्यावर पुष्पचक्र घेऊन येणारे तिला वळसा घालून जायचे.

आता आम्ही दोघंच जातो. शांतता संपली की त्या इद्रिसचं नाव उच्चारतात, आणि लोक त्यांच्या अगदी पुढून जातात.