माणूस उठवायची हातोटी

इंदूमामीने करंडा काढला की पाहुणी उठायची. निघणाऱ्या सवाष्णीला हळदकुंकू लावायची आपली रीत. मामी ते पाहुणीच्या मनात निघायचं येण्याआधीच लावायची. "थांबा हं, कुंकू लावते," असं इतक्या मायेने म्हणायची, की समोरची पदर सावरत चपला शोधायला लागे. मामाचं घर पंचवटीत, रामकुंडाच्या जवळ. गोदेवर आलेला प्रत्येक नातेवाईक चहाला टेकायचाच. पण 'निघा' असं मामीने कधी कुणाला म्हटलं नाही.

"जोर लावायचा नसतो गं, हातोटी लागते," हे तिचं ठरलेलं वाक्य. घट्ट बसलेलं झाकण उघडताना तेच, भाकरी थापताना तेच, रडकं पोर निजवतानाही तेच. हातोटी म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "काम होतं आणि कुणी केलं ते कळत नाही, ती हातोटी." मला ते फार आवडलं होतं. तेव्हा मी लहान होते.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कळवणचं भाड्याचं घर सोडून आई मला घेऊन माहेरी आली. एकटीने राहायची तिला भीती वाटायची. माझी दहावी होईपर्यंत भावाकडे राहावं, एवढंच तिच्या मनात होतं. मामा म्हणाला, "घर तुझंच आहे."

आता आईला करंडा काढून कसं उठवणार? ती विधवा. मग मामीने दुसरी वाट काढली. येईल त्या बाईला ती आईसमोर सांगायची, "आमच्या ताई भारी मानी हो. कुणाच्या दारात राहणं त्यांना नाही आवडत. मीच हट्टाने धरून ठेवलंय." शेजारणी आईकडे कौतुकाने बघायच्या, आई कसनुसं हसायची. हे कौतुक ऐकून ऐकून आईला तिथे राहायचीच लाज वाटायला लागली. शेवटी एकदा जेवताना तीच म्हणाली, "वहिनी, मी वेगळी खोली बघते." मामीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघा, मी म्हणत नव्हते?" मग डोळे पुसून म्हणाली, देवळाली कॅम्पात ओळखीच्यांची एक खोली रिकामी आहे. मामा उलट आईवरच चिडला, "तुला इथं काय कमी पडलं?"

आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी राहिलेली छत्री आणायला मी परत गेले, तर आमच्या खोलीत मामीच्या मुलाची, प्रकाशची कॉट लागलेली. वर इस्त्रीची चादर. हातोटी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

देवळालीत आई दाराला ट्रंक लावून झोपायची. आणि मरेपर्यंत सांगत राहिली, "वहिनीने खूप धरलं गं, मीच निघाले." मी तिला खरं सांगितलं नाही. नवरा गेलेलाच होता, माहेरही गेलं असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामा वारला आणि प्रकाशच्या बायकोने मामीला सिन्नर रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. ती सगळ्यांना सांगायची म्हणे, "आईंना शांतता लागते." ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? भेटायला गेले तीही माया म्हणून नाही. सुनेने आपल्याला कसं उठवलं ते हिला कळलंय का, तेवढं बघायचं होतं.

कळलं होतं. "सून हुशार आहे," मामी म्हणाली. "जोर नाही लावला."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "निघते, मामी." कपाटावर तोच चांदीचा करंडा होता. माझी नजर तिकडे गेलेली तिने बघितली.

"तो राहू दे तिथेच," ती म्हणाली. "मी आता कुणाला लावत नाही. आणि कुंकू लावल्याशिवाय तू निघायची नाहीस."

मग ती माझ्या मुलांची चौकशी करायला लागली, एकेकाचं नाव घेऊन, कोणाला काय आवडतं ते विचारत. मी कधी परत टेकले ते मलाच कळलं नाही. माझी बस गेली.

त्या उन्हाळ्यात मामी वारली. माणूस बसवून घ्यायचीही हातोटी होती तिच्याकडे. आईसाठी तिने ती एक दिवससुद्धा वापरली नाही.