पलंगाखालचे कोपरे

नवऱ्याला लकवा मारला, ठेकेदारानं पगार थांबवला, तेव्हा मी आधी दूध कमी केलं, मग टीव्ही बंद केला. तरी भागेना. राहता राहिली झाडू-पोछ्याची बाई. बल्लारपूरला खाणीजवळ राहायचं म्हणजे फरशीवर रोज काळी धूळ. ती पुसायला ही बाई नऊ वर्षं येत होती.

"उद्यापासून नको येऊ," मी म्हटलं.

"काऊन बाई? माहं काई चुकलं काय?"

पैसे नाहीत म्हणायला जीभ रेटेना. जळो मेला तो तोरा! "तू कोपरे पुसत नाहीस," मी धडधडीत खोटं बोलले.

तिनं बादली भरून आणली, माझ्या नवऱ्याच्या पलंगाखाली शिरून सगळे कोपरे घासून काढले आणि गेली.

महिन्याभरानं शेजारीण म्हणाली, "बरं झालं तुमी तिले काढलं. काम मागत साऱ्या गल्लीत फिरली, कोनी ठेवलं नाई."

"का?"

"पहिलेचं काम काऊन सुटलं विचारलं, तर तिनंच सांगतलं, मी कोपरे पुसत नाई म्हून."