काका, छत्री बाजूला घ्या

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. अंगात आलेल्या बाईला ‘पाणी पी आणि घरी जा’ म्हटल्याबद्दल मी दोन गावांत शिव्या खाल्ल्या आहेत. एकवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीपेक्षा चीड जास्त येते आहे... कोणावर, ते शेवटपर्यंत वाचा म्हणजे कळेल.

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना, कोहमारा यायच्या जरा आधी एक फाटा आत जातो. गावाचं नाव देत नाही, लोक रील काढायला येतील. तिथे तळ्याच्या पाळीवर एक गोल खोली आहे. जुन्या काळी इथल्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, ताऱ्यांचा नाद होता, त्यानं बांधलेली ही वेधशाळा. टिनाचा घुमट चाकांवर फिरायचा म्हणे. आम्ही बघतोय तेव्हापासून तो गंजून बसला आहे. पितळी दुर्बीण कुठे गेली ते कोणी सांगत नाही. बाहेरचा चबुतरा मात्र शाबूत आहे, आणि त्याच्या मधोमध सावली मोजायला रोवलेला कंबरेएवढ्या उंचीचा लोखंडी खांब.

नऊ वर्षं आम्ही दोघं-तिघं शिक्षक तिथे आकाशदर्शन घेतो. हिवाळ्यात स्वतःची दुर्बीण नेऊन शनीची कडी दाखवतो. गावातल्या म्हाताऱ्या बाया सप्तर्षींना खाट म्हणतात आणि तिच्या मागचे तीन तारे म्हणजे खाट चोरायला आलेले चोर. माझ्या भाषणापेक्षा त्या चोरांना गर्दी जास्त असते. आणि मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात, उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. खांब उभा, पण सावली नाही. मिनिटभराचा खेळ असतो, पण बघणारा विसरत नाही.

या जागेची किल्ली सोमाकाकांकडे असायची. गोंड म्हातारा, तिथला चौकीदार, आमच्यापेक्षा जास्त वर्षं त्या खोलीशी राहिलेला. दर वर्षी आदल्या दिवशी चबुतऱ्याला चुना मारून ठेवायचा. आणि दर वर्षी एकच चूक करायचा. मी खांबाशी गुडघे टेकून, मान खाली घालून मोजत बसले की हा मागून येऊन माझ्यावर छत्री धरायचा. मोठी काळी छत्री, एका बाजूला भोक पडलेलं. झालं... ज्या एका मिनिटाला सावली नको, त्याच मिनिटाला खांबावर छत्रीची सावली. मी ओरडायची, “काका, छत्री बाजूला घ्या.”

“छत्रीची सावली पडली त कोनाचं का बिघडते, मास्तरीणबाई? डोकस्यावर ऊन घेऊन कायले मरता?”

मग रुसून पायरीवर जाऊन बसायचा, स्वतःच्या छत्रीखाली. दर वर्षी. मी त्याला सूर्य, पृथ्वी, कललेला आस, सगळं चेंडू घेऊन समजावलं होतं. मान हलवायचा आणि पुढच्या वर्षी छत्री घेऊन हजर.

यंदा महू, म्हणजे मोहफुलं, वेचायच्या दिवसांत काका गेला.

आणि त्याच महिन्यात आम्हाला कळलं की त्या जागेचं गोदाम होणार आहे. धान ठेवायला जागा नाही, पोती उघड्यावर भिजतात, हे मलाही दिसतं. पण अख्ख्या पट्ट्यात एवढी एकच जागा आहे जिथे पोरं मान वर करून बघतात... ती पण पोत्यांनी भरायची? अर्ज केले, चकरा मारल्या. शेवटी एक साहेब म्हणाले, बघून ठरवू, लोक खरंच येतात का, तिथे खरंच काही दिसतं का. मी त्यांना शून्य सावलीच्या दिवशीच बोलावलं. वाटलं, खांब स्वतःच आपली बाजू मांडेल.

वेळ बारा वाजून सहा मिनिटं. हे मी फोनवर सांगितलं, मेसेज केला, पत्रिकेत ठळक छापलं. घड्याळातले बारा आणि आपल्या डोक्यावरचा सूर्य यांचं जमत नाही हो, इथे काही मिनिटांचा फरक पडतो. पण आपल्याकडे ‘भरदुपारी बारा वाजता’ हे हाडात बसलं आहे.

साहेब वेळेआधी आले. दीडशे माणूस, मांडव, मठ्ठा, सगळं बघून खूश. बारा वाजले तसे चबुतऱ्यावर चढले, खांबाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, सावली तो है.”

होतीच. दोन बोटं होती.

“साहेब, अजून सहा मिनिटं.”

“बारा बज गए ना? मला कोहमाऱ्याला मीटिंग आहे.”

मी अक्षरशः हात जोडले. सहा मिनिटं. माणूस तेवढ्या वेळात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो. पण साहेब निघाले, साहेबांच्या मागे सरपंच उठले, सरपंचांच्या मागे गाव उठलं, आणि मठ्ठ्याच्या गंजाशी, त्या मोठ्या पातेल्याशी, झुंबड उडाली. सोबतचे शिक्षक साहेबांना थांबवायला गाडीपर्यंत धावले, चबुतऱ्यावर मी एकटी. पायरीपाशी काकाची बायको फुलवंताबाई पाण्याचा माठ घेऊन बसलेली, तेवढीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं.

बारा पाचला मी खांबाशी गुडघे टेकले. सवयच ती. आता फोटो काढून कोणाला दाखवायचा होता, देव जाणे. सावली नखभर, मग रेघभर...

आणि अंधारलं. माझ्या हातांवर, खांबावर, चुन्यावर गोल सावली पडली. मान खाली, डोकं तापलेलं, आणि तोंडातून नऊ वर्षांचं वाक्य निघून गेलं. “काका, छत्री बाजूला घ्या ना. दर वर्षी काय तेच.”

सावली सरकली.

तेव्हा मला आठवलं, काका नाही.

वर पाहिलं. कोणी नाही. आकाश कोरडं, पांढरं, ढगाचा तुकडाही नाही. खाली पाहिलं तर चुन्यावर ती सावली हळूहळू पायरीकडे चाललेली. गोल, कडेला काड्यांची टोकं बाहेर आलेली, आणि एका बाजूला रुपयाएवढा उन्हाचा ठिपका. छत्रीला भोक होतं ना, तिथेच. पायरीवर जाऊन ती थांबली. खांबाकडे नजर गेली. बारा सहा. सावली शून्य. इतका स्वच्छ शून्य मी आजवर पाहिला नव्हता, आणि बघायला गाव नव्हतं.

पायरीवरची सावली मिनिट-दोन मिनिटं तशीच होती. खांबाची सावली दुसऱ्या बाजूने जराशी डोकावली, आणि पायरीवरची गेली.

फुलवंताबाई पायरीकडेच बघत होती. मी विचारलं, “मावशी, काकांची छत्री कुठे आहे?”

“छत्री त त्यायच्यासंगच मातीत देली. आमच्यात सामान संग देतेत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमी काऊन हाकलता जी त्यायले दर वर्षी?”

तिनं काय पाहिलं ते मी विचारलं नाही.

सोबतचे शिक्षक म्हणाले, उन्हाची लू लागली. बरं, लागली असेल. मग उन्हाचा तो ठिपका जागच्या जागी कसा? ढग म्हणावं तर ढग नव्हता. घार म्हणावं तर घार पायरीवर थांबत नाही. मी पोरांना शिकवते की सावली पडायला वस्तू लागते. वस्तू नव्हती. मला स्पष्टीकरण हवं आहे आणि ते मिळत नाही, याचा मला भयंकर त्रास होतो.

त्यातून साहेबांचा अहवाल आला. ‘प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी सावली आढळून आली. कार्यक्रमात तथ्य दिसत नाही. जागा साठवणुकीस योग्य.’

हरकत लिहायला बसले. ‘त्या दिवशी, बारा वाजून सहा मिनिटांनी, चबुतऱ्यावर कोणतीही सावली नव्हती’ एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. पेन तिथेच अडलं. पायरीवर छत्रीची तर होती, खोटं कसं लिहू? शेवटी ‘खांबाची सावली नव्हती’ असं लिहून पाठवलं. उत्तर नाही. पावसाळा संपला की पोती येणार, असं गावात बोलतात.

जुलैत सूर्य परत एकदा डोक्यावरून जातो. त्या वेळी इथे ढग असतात, काही दिसत नाही, म्हणून आम्ही कधी कार्यक्रम ठेवला नाही. यंदा मी एकटी जाणार आहे. आदल्या दिवशी चुना मारीन, जुलैत वेळ जरा पुढे सरकते, म्हणून बारा पंधराला खांबाशी बसेन, मान खाली घालून.

ऊन पडलं आणि सावली आली, तर यंदा मी तोंड उघडणार नाही.